गेममधल्या पात्राचं कॉस्प्ले फोटोशूट: आधी फ्रेम, मग पोशाख

कॉस्प्ले म्हणजे एखाद्या पात्रासारखा पोशाख करून ते पात्र उभं करणं. कार्यक्रमात घालायचा कॉस्प्ले आणि फोटोसाठी घालायचा कॉस्प्ले या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कार्यक्रमात लोक तुम्हाला चारही बाजूंनी, हातभर अंतरावरून बघतात आणि पोशाख सात-आठ तास अंगावर टिकावा लागतो. कॅमेरा एका वेळी एकाच बाजूने बघतो. त्यामुळे शूटची तयारी उलट्या टोकाकडून करायची: कोणते पाच-सहा फोटो हवेत ते आधी ठरवायचं आणि त्या फोटोंत जे दिसणार आहे त्यावरच जीव लावायचा. नवखे बहुतेकदा याच्या नेमकं उलट करतात. दोन महिने शिवणकामात जातात, आणि जागा, उजेड, पोझ हे सगळं ‘तिथे गेल्यावर बघू’वर सोडलेलं असतं. मग पोशाख झकास होतो, पण फोटोंत पात्र कुठेच सापडत नाही.

१. पात्र आणि त्याची नेमकी आवृत्ती

‘टूम रेडर’ गेमची नायिका घ्या: ‘लारा क्रॉफ्ट करणार’ एवढं म्हणून भागत नाही. १९९६ ची लारा म्हणजे निळसर हिरवा बिनबाह्यांचा टॉप, तपकिरी शॉर्ट्स, दोन्ही मांड्यांवर पिस्तुलांचे होल्स्टर आणि लांब वेणी. २०१३ ची लारा म्हणजे मळकी बनियन, कार्गो पँट, हातावर बँडेज, अंगभर चिखल आणि धनुष्य. दोघींना लागणारा उजेड वेगळा, जागा वेगळी, चेहऱ्यावरचे भावही वेगळे. आवृत्ती पक्की झाल्याशिवाय कापड घेऊ नका.

पहिल्याच शूटसाठी चिलखतवालं पात्र टाळा. २०१३ ची लारा हा चांगला श्रीगणेशा आहे: कपडे रोजच्या वापरातले, विग कदाचित लागणारही नाही, आणि शिवणीतल्या चुका चिखलाखाली झाकल्या जातात. या लेखात मात्र पुढे बराच वेळ उदाहरण आहे ते ‘निअर: ऑटोमाटा’ (२०१७) मधल्या टू-बीचं. पांढरे केस, काळा पोशाख, डोळ्यांवर काळी पट्टी आणि पाठीमागे अधांतरी तरंगणारी तलवार. दिसायला साधी, पण फोटोत नडणाऱ्या बहुतेक अडचणी या एकाच पात्रात भेटतात.

२. संदर्भचित्रं

आठ-दहा चित्रं पुरतात, पण ती नेमकी हवीत: समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, चेहरा जवळून, हात, पाय, शस्त्र. गेममध्ये फोटो मोड असेल तर तीच सर्वांत भरवशाची जागा. तिथे पात्राभोवती कॅमेरा पूर्ण फिरवता येतो. चाहत्यांनी काढलेली चित्रं मूडसाठी ठेवा, मापासाठी नकोत. त्यातली बरीच आरशासारखी उलटलेली असतात, आणि मग तीळ, व्रण, भांग, तलवारीचा खांदा सगळं चुकीच्या बाजूला जातं. ‘विचर ३’ मधल्या गेराल्टच्या चेहऱ्यावरचा व्रण त्याच्या डाव्या डोळ्यावरून जातो. मोबाइलच्या समोरच्या कॅमेऱ्यात बघून मेकअप केलात तर तो उजवीकडे गेलाच म्हणून समजा. संदर्भचित्रावरच पेनाने ‘तिची डावी’, ‘तिची उजवी’ असं लिहून ठेवा.

रंग ठरवताना सूर्यास्ताच्या किंवा धुक्याच्या दृश्यातला स्क्रीनशॉट घेऊ नका. त्यात पांढरं नारिंगी आणि काळं निळं दिसतं. ढगाळ दिवसाचं किंवा पात्र निवडायच्या पडद्यावरचं चित्र घ्या.

३. फ्रेमची यादी

एक कागद घ्या, त्यावर सहा चौकोन काढा आणि काड्यांची माणसं काढून भरा. चित्रकला यायची गरज नाही. नेहमीचा संच असा: उभं पूर्ण अंग, कमरेपासून वर, चेहरा, एक पाठमोरा, एक हालचालीचा, एक बारकाव्याचा (हातातली मूठ, बुटाची पट्टी). प्रत्येक चौकोनाखाली तीन गोष्टी लिहा: पात्र काय करतंय, कुठे बघतंय, उजेड कुठून येतोय. ‘काय करतंय’ला ‘पोझ देतंय’ हे उत्तर चालत नाही. ‘लढाई संपल्यावर तलवार टेकवून थांबलीय’ हे उत्तर चालतं, कारण त्यातून खांदे, मान, श्वास सगळं आपोआप ठरतं.

गेम खेळताना कॅमेरा बहुतेक वेळा पात्राच्या पाठीमागे असतो. तो कोन तुमच्या डोळ्यांत इतका बसलेला असतो की नकळत तोच निवडला जातो. एक पाठमोरा फोटो जरूर घ्या, पण बाकीच्यांसाठी मधल्या कथादृश्यांतल्या चौकटी बघा. त्या फोटोच्या भाषेला जवळच्या असतात.

यादी झाली की कामाची विभागणी आपोआप होते. सहापैकी एकाही फ्रेममध्ये बुटाचा तळ नसेल तर त्यावर दोन दिवस घालवू नका. चेहरा चार फ्रेममध्ये असेल तर विगला दुप्पट वेळ द्या.

४. कापड, फोम आणि शस्त्र

कॅमेऱ्यासमोर सर्वांत जास्त घात करतं ते चकचकीत सॅटिन. फ्लॅश पडला की त्यावर पांढरे पट्टे येतात आणि प्रत्येक सुरकुती ओरडून दिसते. गेममधले कपडे बहुतेक जाड आणि मंद झाकेचे दिसतात. ट्विल, सूटिंग, जाड सुती कापड घ्या. टू-बीच्या पोशाखासाठी मखमल सुंदर दिसते, पण ती उजेड गिळते आणि धूळ ओढते. लिंट रोलर हाताशी असेल तरच मखमलीच्या वाटेला जा. सगळा पोशाख एकाच काळ्या कापडाचा केलात तर फोटोत नुसता काळा ठिपका येतो. बाह्या, घेर, बूट यांना वेगवेगळ्या पोताचं काळं वापरा: एक मखमली, एक साधं, एक चामड्यासारखं.

माप थोडं सैल झालं असेल तर शूटच्या दिवशी शिवत बसू नका. पाठीमागून चार क्लिपांनी कापड आवळा. समोरून पोशाख अंगावर बेतल्यासारखा दिसतो.

चिलखतासाठी ईव्हीए फोम (हलका, गरम केल्यावर आकार घेणारा फोम): मुख्य पत्र्यांना ५ मिमी, जाड खांद्यांना १० मिमी, वरच्या नक्षीला २ मिमी. काम या क्रमाने: कापणं, हीट गनने गरम करून आकार देणं, काँटॅक्ट सिमेंटने (दोन्ही बाजूंना लावायच्या गोंदाने) जोडणं, सांधे भरणं, लवचिक प्रायमरचे (रंगाआधीच्या अस्तराचे) तीन-चार पातळ हात, मग अ‍ॅक्रिलिक रंग. काँटॅक्ट सिमेंट दोन्ही कडांना लावून बोटाला चिकटेनासं होईपर्यंत, साधारण दहा मिनिटं, थांबायचं. ओलं असताना जोडलं तर सांधा उकलतो. एकदा चिकटल्यावर सरकवताही येत नाही, म्हणून जुळणीच्या खुणा आधीच करून ठेवा. हे सगळं उघड्या हवेत, योग्य फिल्टरचा श्वसन मास्क लावून. साधा कापडी मास्क या वाफांना काही करत नाही. प्रायमर टाळला तर फोम रंग शोषून घेतो आणि वाकवल्यावर भेगा पडतात.

सांधे भरायचा कंटाळा करू नका. खोलीतल्या साध्या दिव्यात न दिसणारी रेघ बाजूने आलेल्या उजेडात लख्ख दिसते. रंग झाल्यावर पातळ काळा-तपकिरी रंग खाचांत सोडून वरचा पुसून घ्या आणि कडांवर जवळजवळ कोरड्या ब्रशने चंदेरी फिरवा. कोरं करकरीत चिलखत फोटोत खेळण्यासारखं दिसतं.

तलवारीच्या आत लाकडी दांडा किंवा पीव्हीसी पाइप घाला. नुसत्या फोमचं पातं उचललं की वाकतं आणि फोटोत ते लगेच कळतं.

५. विग

उष्णता सोसणाऱ्या धाग्याचाच विग घ्या. इस्त्री किंवा कर्लर १२० ते १४० अंशांवर ठेवा, आणि पहिली चाचणी मानेजवळच्या आतल्या बटेवर करा. कापताना कात्री आडवी न धरता उभी धरून टोकं विरळ करत जा. पुढची झुलपं विग डोक्यावर असतानाच, एका वेळी अर्धा सेंटिमीटर. विग स्टँडवर कापलेली झुलपं चेहऱ्यावर हमखास आखूड होतात, आणि विगचे केस काही वाढत नाहीत.

पांढरा विग सगळ्यांत अवघड. एक तर तो प्लॅस्टिकसारखा चमकतो. ड्राय शाम्पू किंवा थोडी टाल्कम पावडर लावून झटकली की चमक मरते. दुसरं, विरळ पांढऱ्या विगमध्ये आतल्या शिलाईच्या ओळी उजेडात आरपार दिसतात, म्हणून दाट विगच घ्या. तिसरं, तो आजूबाजूचा रंग उचलतो: हिरवळीवर हिरवा, लाल भिंतीपाशी गुलाबी. मुळांपाशी फिकट राखाडी आयशॅडो हलक्या ब्रशने लावली तर केसांना खोली येते आणि टोपी घातल्यासारखं दिसत नाही.

स्वतःचे केस चपट्या वेण्या घालून, पिनांनी बसवून विग कॅपखाली घ्या. एकच अंबाडा घातला तर डोक्यामागे टेंगूळ दिसतं.

६. चेहरा

कॅमेरा मेकअप खातो, म्हणून आरशात थोडा जास्त वाटेल इतका लावा. पण फाउंडेशनचा रंग मानेशी जुळलाच पाहिजे. पात्राच्या त्वचेचा रंग गाठण्यासाठी स्वतःचा रंग बदलायच्या फंदात पडू नका. ओळख केस, आकार, भुवया आणि देहबोलीतून पटते. भुवया मात्र विसरू नका. पांढऱ्या विगखाली काळ्याभोर भुवया राहिल्या की सगळा खेळ उघडा पडतो. फिकट ब्राउ मस्कारा किंवा कन्सीलर केसांच्या उलट्या दिशेने आणि मग सुलट फिरवा.

फ्लॅश वापरणार असाल तर झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेलं सनस्क्रीन आणि पांढरी सिलिका पावडर यांची आधी चाचणी घ्या. डोळ्यांना न दिसणारा पांढरा थर फ्लॅशमध्ये भुतासारखा उमटतो. बाहेर उन्हात शूट असेल तर सनस्क्रीन लावाच. तिथे ही अडचण सहसा येत नाही.

रंगीत लेन्स डोळ्यांच्या डॉक्टरकडून माप घेऊनच. मेकअपच्या आधी घालायच्या, मेकअप काढायच्या आधी उतरवायच्या, दुसऱ्या कोणाच्या कधीच वापरायच्या नाहीत. डोळा लाल झाला किंवा टोचू लागलं तर लगेच काढा. गेराल्टचे पिवळे डोळे एडिटिंगमध्येही करता येतात.

टू-बीला हा प्रश्न नाही, दुसरा आहे: पट्टी बांधली की काही दिसत नाही. डोळ्यांपुढे पातळ जाळीदार काळं कापड, बाकी भागाला जाड अस्तर अशी पट्टी शिवा. समोरून जोराचा फ्लॅश पडला तर जाळीतून डोळे दिसतात, म्हणून आधी एक चाचणी फोटो काढा. आणि पट्टी बांधून पाऊल टाकायचं नाही. जागेवर उभं राहिल्यावर बांधायची, फ्रेम झाली की वर सरकवायची. डोळे झाकलेल्या पात्राचा सगळा अभिनय हनुवटी, ओठ आणि मानेच्या झुकावात असतो. हे घरी आरशात नव्हे, मोबाइलच्या व्हिडिओवर तपासा.

७. जागा

गेममधली जागा हुबेहूब शोधत बसू नका. तिचा पोत शोधा. पडझड झालेल्या शहरासाठी कच्चं काँक्रीट, दगडी भिंत आणि तिच्यावर चढलेला वेल एवढं पुरतं. खरोखर मोडकळीला आलेल्या इमारतीत जाऊ नका. उंच टाचांच्या बुटांत, अर्धवट झाकल्या डोळ्यांनी ढिगाऱ्यावर उभं राहणं म्हणजे पाय मुरगळायला आमंत्रण.

आदल्या आठवड्यात, शूटच्याच वेळी, जागा बघून या. ऊन कुठून येतं, कपडे बदलायला आडोसा आहे का, मागे मोटारी किंवा फलक दिसतात का, गर्दी कधी होते. परवानगी लागते का ते विचारा, आणि तलवार-बंदुकीसारखी वस्तू सोबत असेल तर राखणदाराला आधीच दाखवा. रस्त्यावरून नेताना शस्त्र पिशवीत बंद. नकली बंदूक लांबून कोणालाही नकली वाटत नाही.

८. उजेड आणि कॅमेरा

टू-बीचा खरा पेच इथे आहे: एकाच चौकटीत पांढरेशुभ्र केस आणि काळाकुट्ट पोशाख. कॅमेरा स्वतःच्या मर्जीवर सोडला तर काळ्याकडे बघून फोटो उजळ करतो आणि केसांचा पांढरा डाग होतो. उपाय चार, आणि चारही एकत्र करायचे. एक, रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) फोटो काढा. दोन, एक्स्पोजर (फोटो किती उजळ ते) केसांकडे बघून ठरवा. कॅमेऱ्यात हायलाइट वॉर्निंग (जळालेला पांढरा भाग लुकलुकवून दाखवणारी सोय) सुरू ठेवा आणि केस लुकलुकायचे थांबेपर्यंत, साधारण २/३ ते १ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), एक्स्पोजर उतरवा. काळ्यातला तपशील रॉमधून नंतर उचलता येतो, जळालेलं पांढरं परत येत नाही. तीन, मागची भिंत मध्यम राखाडी निवडा. गडद भिंतीसमोर पोशाख विरघळतो, पांढऱ्या भिंतीसमोर केस. चार, मागून तिरका एक उजेड द्या, म्हणजे खांदा, बाही आणि कंबर यांची कड सुटी दिसते. ढगाळ दिवस असेल तर अर्धं काम आभाळच करतं.

एकच फ्लॅश असेल तर ६० ते ९० सेंटिमीटरच्या सॉफ्टबॉक्समध्ये (उजेड मऊ करणाऱ्या कापडी पेटीत), चेहऱ्यापासून एक-दीड मीटरवर, बाजूला ४५ अंशांत आणि डोळ्यांच्या थोडं वर. दुसऱ्या बाजूला रिफ्लेक्टर.

लेन्स निवडण्याआधी मागे जायला जागा किती आहे ते बघा. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ८५ मिमीने उभं पूर्ण अंग घ्यायला साधारण पाच मीटर मागे जावं लागतं, ५० मिमीने तीन. छोट्या सेन्सरवर हेच अंतर दीडपट धरा.

अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक; आकडा लहान तितकं ते मोठं) सताड उघडं ठेवायचा मोह आवरा. दीड मीटरवरून ८५ मिमी आणि १.८ म्हणजे जेमतेम तीन सेंटिमीटर जाडीचा पट्टा फोकसमध्ये. चेहरा स्पष्ट, आणि तलवारीच्या ज्या मुठीवर तुम्ही आठवडा घालवला ती धूसर. चेहऱ्याच्या फोटोला २ ते २.८, पोशाखाला ४ ते ५.६. स्थिर फोटोला शटर १/२००, हालचालीला १/५०० ते १/१०००. साधा फ्लॅश मात्र १/२०० किंवा १/२५० च्या पलीकडे चौकटीत काळा पट्टा आणतो. तिथे हाय-स्पीड सिंक (वेगवान शटरशी जुळवून घेणारी फ्लॅशची सोय) लागतं.

मोबाइलवर शूट असेल तर रुंद लेन्स टाळा, दोनपट किंवा तीनपटवाली वापरा आणि मागे जा. पोर्ट्रेट मोड विगच्या सुट्या बटा आणि तलवारीचं टोक कापून टाकतो, तो बंद ठेवा. केसांवर बोट दाबून एक्स्पोजर लॉक करा. पूर्ण अंगाच्या फोटोला मोबाइल कमरेच्या उंचीवर धरा. उभ्याने डोळ्यांच्या उंचीवरून काढलं की पाय आखूड दिसतात.

९. पोझ

खालून वर बांधा: आधी पाय, मग कंबर, मग खांदे, शेवटी हनुवटी. वजन एका पायावर. गेममध्ये पात्र नुसतं उभं असताना ते कसं उभं राहतं ते नीट बघा. ओळख तिथेच असते.

तलवार झाडूसारखी धरली जाते हा सर्रास दिसणारा दोष. मूठ तळव्यात कोंबू नका. करंगळी आणि अनामिका घट्ट, तर्जनी सैल, मनगट सरळ. पातं थेट कॅमेऱ्याकडे रोखलं तर बुटकं दिसतं. ३० ते ४५ अंश बाजूला वळवा. वार करतानाचा फोटो खरा वार करून काढायला गेलात तर चेहरा वाकडा येतो. वार जिथे संपतो त्या जागी थांबा, आणि घेर उडवायचं काम मदतनिसावर सोपवा: तो कापड उचलून फेकतो आणि चौकटीबाहेर पळतो, फोटोग्राफर बर्स्टमध्ये, म्हणजे एका दमात, दहा-बारा फोटो घेतो. त्यातला एक लागतो.

पाठीमागे तरंगणारी तलवार दाखवायला ट्रायपॉड लावा. एका फोटोत मदतनीस तुम्ही बनवलेली तलवार तुमच्या पाठीमागे धरून उभा. दुसऱ्यात, कॅमेरा तसूभरही न हलवता, फक्त रिकामी जागा. नंतर दुसऱ्या फोटोने मदतनीस पुसून टाकायचा, पोशाखावर पडलेली तलवारीची सावली ठेवून. तलवार नंतर वेगळी चिकटवली तर ती सावली नसते आणि नजर तिथेच अडते.

१०. शूटचा दिवस

मेकअप आणि विगला दीड ते दोन तास, शूटला अडीच-तीन तास. त्याहून जास्त वेळ चेहरा साथ देत नाही. अवघड फ्रेम दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर ठेवा: तोवर अंग मोकळं झालेलं असतं आणि मेकअप ताजा असतो. चिखल, रक्त, पाणी शेवटी.

तिसरा माणूस हवाच. त्याचं काम एकच: प्रत्येक फ्रेमआधी कॉलर, विगची कड, लोंबणारा दोरा, मनगटात राहिलेलं घड्याळ बघणं. फोटोग्राफर हे बघत नाही आणि तुम्हाला दिसत नाही. पिशवीत सेफ्टी पिना, दुहेरी टेप, सुपर ग्लू, सुई-काळा दोरा, रुंद दातांचा कंगवा, हेअर स्प्रे, टिपकागद, काळा मार्कर, लेन्सची डबी आणि द्राव, चपला आणि पाणी प्यायला स्ट्रॉ.

फोटोग्राफरशी चार गोष्टी आधी लिहून घ्या: एडिट केलेले किती फोटो, कधी, कोण कुठे टाकणार, नावं कशी द्यायची. उघडे पोशाख असतील तर कोणते कोन नकोत तेही. कपडे नीट करायला हात लावण्याआधी विचारायचं, हे सगळ्यांना लागू. वय अठराच्या आत असेल तर पालक सोबत हवेत.

११. एडिटिंग आणि आवराआवर

तीनशेतले आठ निवडा, तीस नव्हे. आधी व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसेल अशी रंगांची जुळणी), मग काळ्यातला तपशील, मग विगवर उठलेले सुटे धागे आणि दिसणाऱ्या क्लिपा. शेवटी रंग: टू-बीच्या जगासाठी हिरवा आणि पिवळा उतरवून फिकट, राखाडी झाक द्या, पण त्वचा वेगळी राखा, नाहीतर माणूस आजारी दिसतो. चकाकी, ठिणग्या, प्रकाशाचं वलय सर्वांत शेवटी, आणि ते ज्या बाजूने येतंय त्या बाजूच्या गालावर, बाहीवर थोडा उजेड टाकून.

विग त्याच रात्री टोकांकडून वर विंचरा, गार पाण्यात थोडा शाम्पू घालून बुडवा, पिळू नका, सावलीत वाळवा. फोमच्या वस्तू उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका. उष्णतेने सांधे सुटतात आणि खांद्यांचा बाक सपाट होतो.